फुकट म्हणून नव्हे, हिशोब करून! पेडणे-डिचोलीतल्या संस्थांना ओपन सोर्स परवडते का?

"साहेब, ह्या कॉम्प्युटरवर नवीन विंडोज चढणार नाही. नवाच घ्यावा लागेल."

पेडणे बाजार असो, डिचोली असो की पलीकडे बांदा, दोडामार्ग, चंदगड. शाळा, पतसंस्था, वाचनालय, सेवा सोसायटी चालवणाऱ्यांच्या कानावर हे वाक्य सध्या वारंवार पडते. कारण साधे आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची नियमित सेवा थांबवली. संगणक बंद पडलेला नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबले. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. 2017 च्या आधी घेतलेली बहुतेक यंत्रे त्यात बसत नाहीत. संस्थांसाठी पैसे भरून जादा मुदत घेण्याची सोय आहे, पण तिचा दर पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे 61 डॉलर आणि नंतर दरवर्षी दुप्पट. तीही जास्तीत जास्त तीन वर्षे.

म्हणजे चालू स्थितीतला संगणक भंगारात काढायचा की दुसरा काही मार्ग आहे? अशा वेळी समितीतला एखादा तरुण सभासद म्हणतो, "लिनक्स टाकूया, फुकट असते." त्यावर जुने संचालक विचारतात, "फुकट आहे तर सेवा कोण देणार?" दोघांचेही अर्धे बरोबर आहे. उरलेले अर्धे समजून घेण्यासाठी हा लेख.

ओपन सोर्स म्हणजे नेमके काय?

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचना. त्या सूचना मूळ स्वरूपात कुणालाही वाचता येत असतील, बदलता येत असतील, वाटता येत असतील आणि परवान्यात तसे लिहून दिलेले असेल, तर ते ओपन सोर्स, मराठीत मुक्तस्रोत. लिनक्स, ऑफिसच्या कामासाठी लिबरऑफिस, ब्राउझरसाठी फायरफॉक्स, ग्रंथालयासाठी कोहा, नकाशांसाठी क्यूजीआयएस ही त्यातली ठळक नावे. अँड्रॉइड मोबाईलच्या पोटातही लिनक्सच आहे. तेव्हा "आम्ही हे कधी वापरले नाही" असे म्हणणारा माणूससुद्धा ते रोज खिशात घेऊन फिरतो.

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. पहिला, जे फुकट डाउनलोड होते ते सगळे ओपन सोर्स नसते. दुसरा, स्वदेशी म्हणजे ओपन सोर्स नव्हे. झोहो भारतीय कंपनी आहे, तिचे ऑफिस सॉफ्टवेअर सरकारी खात्यांतही वापरले जाते, पण ते मुक्तस्रोत नाही. उलट ईआरपीनेक्स्ट हे हिशोब, साठा सांभाळणारे सॉफ्टवेअर मुंबईच्या फ्रापे कंपनीने बनवले आहे. ते स्वदेशीही आहे आणि मुक्तस्रोतही.

गोमंतकीयांना ही कल्पना नवी नसावी. खाजन शेतीचा बांध एकाचा नसतो. त्याच्यामुळे सगळ्यांच्या शेतात खारे पाणी शिरत नाही. बांध वापरायला भाडे लागत नाही, पण पावसाळ्याआधी डागडुजी करावीच लागते आणि तिला माणसे व पैसा लागतो. डागडुजी चुकली तर सगळ्यांचेच शेत बुडते. ओपन सोर्सचा सगळा हिशोब या एका बांधात आहे: वापर मोकळा, देखभाल मात्र फुकट नाही.

एका तालुक्याएवढ्या वाचनालयाची गोष्ट

न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाच्या ग्रामीण भागात एक लायब्ररी ट्रस्ट आहे. 1999 साली त्यांच्यापुढे आजच्यासारखाच प्रश्न आला. त्यांचे जुने ग्रंथालय सॉफ्टवेअर सन 2000 ची तारीख ओळखणार नव्हते. नवे विकत घ्यायचे तर खर्च झेपत नव्हता. ट्रस्टने काटिपो नावाच्या छोट्या कंपनीला पैसे देऊन स्वतःपुरते सॉफ्टवेअर बनवून घेतले, जानेवारी 2000 मध्ये ते चालू केले आणि मग सर्वांसाठी मोकळे केले. त्याचे नाव कोहा. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आहेर.

आज जगभरातली हजारो ग्रंथालये कोहा वापरतात. त्या ट्रस्टला काय मिळाले? पुढची वीस-पंचवीस वर्षे दुसऱ्यांनी केलेल्या सुधारणा. पेडणे किंवा डिचोलीतल्या मराठी वाचनालयाला कोहा आज थेट घेता येते. पुस्तकांची नावे देवनागरीत भरता येतात, शोधता येतात, देवघेव नोंदवता येते. मात्र ते चालवायला सर्व्हर लागतो आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. पाचशे पुस्तकांच्या वाचनालयाला एवढा पसारा नको, त्यांना लिबरऑफिसची एक तक्ता-फाईल पुरते. दहा-पंधरा हजार पुस्तके असतील, किंवा चार वाचनालये मिळून एकच सर्व्हर वापरणार असतील, तर विचार जरूर करावा.

गोव्यात हे आधीही झाले आहे

या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत परदेशस्थ गोमंतकीय आणि इथले स्वयंसेवक यांच्या पुढाकाराने गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट चालला. परदेशात वापरून झालेले संगणक गोव्यातल्या शाळांत आणले गेले आणि तिथे लिनक्सचा वापर झाला. त्यामागची युक्ती आजही उपयोगी आहे: खोलीत एक दमदार सर्व्हर ठेवायचा आणि जुनी, अशक्त यंत्रे त्याला जोडायची. काम सर्व्हर करतो, जुना संगणक फक्त पडदा आणि कळफलक पुरवतो.

दुसरे उदाहरण सॉफ्टवेअरचे नाही, पण परवान्याचे तत्त्व तेच. गोवा विद्यापीठाने 2013 मध्ये कोकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली खुला केला. त्या मजकुराचा आधार पुढे कोकणी विकिपीडियाला मिळाला, जो 2015 मध्ये सुरू झाला. विश्वकोश विद्यापीठाकडून गेला नाही, वाचक मात्र वाढले.

केरळने शाळांतले संगणक शिक्षण टप्प्याटप्प्याने लिनक्सवर नेले. शिक्षकांना प्रशिक्षण, मल्याळम भाषेत साधने आणि दुरुस्तीची सरकारी यंत्रणा या तीन गोष्टी तिथे सोबत होत्या, म्हणून ते टिकले.

श्रीलिपीच्या जुन्या फाईली: कुलूप कसे लागते ते पाहा

सीमाभागातल्या मराठी संस्थांना कंपनीच्या कुलपात अडकणे म्हणजे काय, हे समजायला परदेशी उदाहरण नको. वीस वर्षांपूर्वीचे इतिवृत्त, सभासद यादी, शाळेचा स्मरणिका-मजकूर उघडून पाहा. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव अशा फाँटमध्ये टाइप केलेली फाईल आज दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. मजकूर संस्थेचा, टाइप केला संस्थेच्या कारकुनाने, पगार दिला संस्थेने. तरीही तो वाचायला दुसऱ्याचे सॉफ्टवेअर हवे, आणि ते पुरवणारा गेला तर दस्तऐवजही गेला.

युनिकोड आल्यावर हा प्रश्न नव्या मजकुरापुरता सुटला. युनिकोडमधले मराठी विंडोज, लिनक्स, मोबाईल सगळीकडे सारखेच दिसते. फाँटही आता मोकळे मिळतात: मुंबईच्या एक टाइप संस्थेचे मुक्त आणि बलू, रेड हॅटचे लोहित, गुगलचे नोटो. गोव्यात 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा आहे आणि मराठीचाही शासकीय कामात वापर होतो. सीमेपलीकडे बेळगाव, खानापूरच्या संस्थांना मराठीबरोबर कन्नड लागते. तीन भाषा एकाच फाईलीत नीट राहायच्या तर युनिकोडला पर्याय नाही.

हीच गोष्ट फाईलच्या प्रकाराला लागू आहे. ओडीएफ हा खुला मानक प्रकार कुठलेही सॉफ्टवेअर वाचू शकते. म्हणून समितीने आधी विचारायचा प्रश्न "कोणते सॉफ्टवेअर?" हा नसून "आपला डेटा उद्या आपल्याला बाहेर काढता येईल का?" हा आहे.

हा प्रश्न किती खरा आहे ते जुलै 2025 मध्ये दिसले. युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने गुजरातमध्ये मोठा तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या नायरा एनर्जीच्या सेवा थांबवल्या. कंपनीचे म्हणणे होते की पैसे भरलेले असूनही स्वतःचाच डेटा मिळेना. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. पतसंस्थेवर कुणी निर्बंध लादणार नाही हे खरे. पण न्यायालयात जाण्याची ताकद नायराकडे होती, पतसंस्थेकडे नसते.

आता मुख्य गोष्ट: हिशोब

समजा, डिचोलीतल्या एका काल्पनिक संस्थेकडे 10 संगणक आहेत. खालचे सगळे आकडे नमुन्यादाखल धरलेले आहेत. प्रत्येक संस्थेने आपल्याकडची दरपत्रके मागवून ते बदलावेत. मुदत तीन वर्षांची.

*पहिला मार्ग, सगळे नवे:*
- 10 नवे संगणक, प्रत्येकी 45,000: 4,50,000 रुपये
- ऑफिस सॉफ्टवेअर, प्रत्येकी वर्षाला 6,000: 1,80,000 रुपये
- देखभाल, वर्षाला 15,000: 45,000 रुपये
- एकूण: 6,75,000 रुपये

*दुसरा मार्ग, मिश्र:*
- टॅली, डिजिटल सही आणि सरकारी पोर्टलसाठी 2 नवे विंडोज संगणक: 90,000 रुपये
- त्या दोघांचे ऑफिस सॉफ्टवेअर: 36,000 रुपये
- उरलेल्या 8 जुन्या यंत्रांना एसएसडी आणि रॅम, प्रत्येकी 4,000: 32,000 रुपये
- लिनक्स बसवणे, जुन्या फाईली बदलणे, प्रशिक्षण: 60,000 रुपये
- देखभाल करार, वर्षाला 30,000: 90,000 रुपये
- पहिले दोन महिने काम मंदावेल, त्याचा अंदाज: 40,000 रुपये
- एकूण: 3,48,000 रुपये

फरक 3,27,000 रुपयांचा. पण इथेच थांबलो तर तो हिशोब अर्धवट. जुनी यंत्रे आहेत, मधेच दगा देणार. तीन वर्षांत त्यातली 4 बदलावी लागली आणि विंडोजविना नवे यंत्र 38,000 ला पडले, तर 1,52,000 वाढतील आणि एकूण बरोबर 5,00,000 होतील. तरीही 1,75,000 वाचतात.

दुसऱ्या मार्गात परवान्याचा खर्च घटला, पण देखभाल दुप्पट झाली आणि प्रशिक्षणाचे नवे कलम आले, हे लक्षात घ्या. जो प्रस्ताव "खर्च शून्य" म्हणतो तो समितीने परत पाठवावा. असा प्रस्ताव सहा महिन्यांत फसतो आणि मग ओपन सोर्सचेच नाव खराब होते.

आणखी एक फरक बेरजेत दिसत नाही. पहिल्या मार्गात स्थानिक माणसाच्या हाताला मिळतात 45,000. दुसऱ्यात बसवणी, प्रशिक्षण आणि देखभाल मिळून दीड लाख. ज्या डिचोलीने 2012 आणि 2018 अशा दोन वेळच्या खाणबंदीत रोजगार जाताना पाहिला, तिथे हा मुद्दा लहान नाही. पेडणे आणि डिचोलीत आयटीआय आहेत, विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ आंबिये सरकारी महाविद्यालय आहे. अशा देखभालीचे काम शिकलेल्या चार-सहा तरुणांना पणजीला किंवा पुण्याला न जाता ते मिळू शकते.

चोरटी प्रत हा तिसरा मार्ग नाही

"दुकानदार करून देतो" म्हणून बिनपरवान्याची विंडोज किंवा ऑफिस वापरणे अनेकांना स्वस्तात पडल्यासारखे वाटते. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63-ब प्रमाणे जाणूनबुजून अशी प्रत वापरणे हा गुन्हा आहे. शिक्षा किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि 50,000 ते दोन लाख रुपये दंड. नफा किंवा धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय सवलत देऊ शकते, पण व्यवहार करणाऱ्या संस्थेने त्यावर भरवसा ठेवू नये. शिवाय अशा प्रतीतून शिरलेला व्हायरस सभासदांची खाती, आधार क्रमांक यांच्यापर्यंत पोचतो. लेखापरीक्षणात "संगणकावरचे परवाने दाखवा" म्हटले की सचिवाची धांदल उडते ती वेगळीच.

कुठे जमत नाही

टॅली विंडोजसाठी बनलेले आहे. बँकेची कोअर बँकिंग प्रणाली रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बांधलेली असते, तिला सचिवाने हात लावू नये. काही सरकारी पोर्टल आणि डिजिटल सहीची साधने लिनक्सवर त्रास देतात. जुना प्रिंटर किंवा स्कॅनर चालेलच असे नाही. दुसऱ्यांकडून येणाऱ्या वर्ड-एक्सेल फाईली लिबरऑफिसमध्ये उघडतात, पण गुंतागुंतीचे मॅक्रो आणि मांडणी कधी बिघडते.

सुरक्षेचेही तसेच. स्रोत उघडा असल्याने चूक दिसू शकते, पण कुणीतरी पाहिले तरच. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे या जगभर वापरल्या जाणाऱ्या ओपन सोर्स घटकात मोठे भगदाड सापडले आणि कंपन्यांची धावपळ झाली. मार्च 2024 मध्ये एक्सझेड नावाच्या घटकात कुणीतरी मुद्दाम चोरवाट घातलेली आढळली. ती एका अभियंत्याला संगणक किंचित मंद वाटला म्हणून वेळीच सापडली. पुन्हा बांधाचीच गोष्ट: डागडुजी करणाऱ्याला पैसे द्यायला हवेत. झिरोधा या भारतीय कंपनीने 2024 मध्ये अशा प्रकल्पांसाठी दरवर्षी दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, तो याच जाणिवेतून.

मोठ्या संस्थाही चुकतात. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने सुमारे 15,000 संगणक लिनक्सवर नेले, 2013 मध्ये काम पूर्ण केले आणि 2017 मध्ये परत विंडोजकडे जायचे ठरवले. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी, विखुरलेली तांत्रिक व्यवस्था आणि बदललेले राजकारण अशी कारणे एकत्र आली. दुसरीकडे त्याच देशातल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने 2024 मध्ये सुमारे 30,000 संगणक लिबरऑफिसवर नेण्याचे जाहीर केले. सॉफ्टवेअर दोन्हीकडे साधारण तेच. माणसांना सोबत घेतले की नाही, यावर निकाल लागतो.

समितीपुढे विषय कसा मांडावा

केंद्र सरकारने 2015 मध्ये ओपन सोर्स स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. निविदेत ओपन सोर्सचा विचार व्हावा आणि तो डावलला तर पुरवठादाराने कारण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. ते केंद्रीय संस्थांना आणि स्वीकारणाऱ्या राज्यांना लागू होते. सहकारी किंवा खासगी संस्थेवर बंधन नाही, पण ठरावात आधार म्हणून त्याचा उल्लेख करता येतो.

प्रत्यक्षात पायऱ्या अशा घ्याव्यात:

1. यादी करा. कुठला संगणक कधीचा, त्यावर काय चालते, परवाना आहे का, कोणता प्रिंटर जोडलाय. एका वहीत एका दिवसात होते.
2. आधी प्रत बाहेर काढा. संपूर्ण डेटा दोन वेगळ्या डिस्कवर. त्यातली एक कार्यालयाबाहेर.
3. विंडोज न बदलता सुरुवात करा. आहे त्याच संगणकांवर लिबरऑफिस टाका आणि महिनाभर पत्रव्यवहार त्यात करा. नाही पटले तर काढून टाका, नुकसान काही नाही.
4. टायपिंग पाहा. कारकुनाची बोटे जुन्या कळफलकावर बसलेली असतात. इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिकवर यायला त्याला वेळ द्या. जुन्या फाँटच्या फाईली युनिकोडमध्ये बदलल्यावर जोडाक्षरे डोळ्यांनी तपासा.
5. एकाच टेबलावर लिनक्स. तेही उत्साही माणसाच्या, मार्चअखेरच्या गडबडीत नव्हे.
6. करार लिहून घ्या. किती वेळात माणूस येणार, सुरक्षेच्या दुरुस्त्या कोण टाकणार, तो सोडून गेला तर पासवर्ड कुणाकडे.

नवीन सॉफ्टवेअर विकत घ्यायचे ठरले तरी ठरावात एक वाक्य हमखास घालावे: "करार संपल्यावर संस्थेचा संपूर्ण डेटा पुरवठादाराने खुल्या मानक प्रकारात, युनिकोड मजकुरासह, जादा आकार न घेता परत द्यावा." या एका ओळीला पैसे पडत नाहीत, आणि पुढच्या वेळी कुणी "नवाच घ्यावा लागेल" म्हणाले तर संस्थेला नाही म्हणता येते.

दहा वर्षांनी आजचे सचिव, अध्यक्ष, कॉम्प्युटरवाले बदललेले असतील. सभासदांची यादी, ठेवींची नोंद, शाळेचा दाखल-खारीज तक्ता मात्र तोच राहील. तो तेव्हाही उघडता यावा, एवढी सोय आजच्या समितीने करून ठेवावी.